गाडीत कुणी नसताना

जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारी माणसं एकत्र जमली की गप्पा इंजिनावर येतात, मूळ रंगाच्या छटेवर येतात, हेडलाइटच्या काचा कशा मिळवल्या यावर येतात. हँडब्रेकचा विषय कुणी काढत नाही. काढलाच तर एक ठरलेलं उत्तर मिळतं, "गिअरमध्ये टाकून ठेवतो आणि चाकाला दगड लावतो." हे उत्तर इतक्या सहज दिलं जातं की जणू जुन्या गाडीला हँडब्रेक नसणं हा तिच्या वयाचाच भाग आहे.

मला हे पटत नाही. गाडीतला बाकीचा प्रत्येक भाग माणूस हजर असताना काम करतो. स्टिअरिंगला हात लागतो, क्लचला पाय लागतो, पायाचा ब्रेक कमी पडला तर आणखी जोरात दाबता येतो. हँडब्रेकचं काम आपण दार लावून निघून गेलो की सुरू होतं. तो कमी पडला तर सावरायला तिथे कुणी नसतं. खाली एखादं मूल खेळत असेल, कुणाची गाडी उभी असेल, किंवा नुसतीच दरी असेल. म्हणून गाडी पूर्ण झाली की नाही हे मी तिच्या रंगावरून ठरवत नाही. उतारावर लावून, दार बंद करून, पाठ फिरवून चालत जाता येतं का, यावरून ठरवतो.

जुन्या ऑफ-रोड गाड्यांचा हँडब्रेक समजून घ्यायचा तर आधी तो कुठे आहे हे पाहावं लागतं. साध्या मोटारीत तो मागच्या दोन चाकांवर लागतो. या गाड्यांमध्ये चाकांच्या जवळपासही नसतो. तो असतो गाडीच्या मध्यभागी, ट्रान्स्फर बॉक्सच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणाऱ्या पेटीच्या, मागच्या तोंडाशी, जिथून प्रॉपेलर शाफ्ट मागच्या ॲक्सलकडे निघतो तिथे. म्हणजे हा ब्रेक चाक धरत नाही, चाकांना फिरवणारा शाफ्ट धरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये त्या जागी एक लहान ड्रम होता आणि त्याला बाहेरून आवळणारा पट्टा. डॅशबोर्डवरची मूठ ओढली की केबल ताणली जायची आणि पट्टा ड्रमला आवळायचा. मॉरिस विल्क्स यांनी १९४७ साली लँड रोव्हरचा पहिला नमुना जीपच्याच चासीवर बांधला आणि १९४८ च्या एप्रिलअखेर ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. या गाडीत ब्रेक त्याच जागी राहिला, पण पट्ट्याऐवजी शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे कमानदार तुकडे, आले. जीपच्या नंतरच्या नागरी मॉडेलांनीही बाहेरचा पट्टा सोडून आतले शू घेतले. टोयोटाच्या एफजे-४० मध्ये हीच जागा, रशियन उआझ-४६९ मध्येही हीच. लँड रोव्हरने तर ती अगदी २०१६ च्या जानेवारीत शेवटची डिफेंडर बाहेर पडेपर्यंत सोडली नाही.

इतक्या वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी एकच जागा निवडली, त्यामागे साधं गणित आहे. ते एकदा मांडून पाहण्यासारखं आहे, कारण ते कळलं की पुढच्या दुरुस्तीत कुठे जीव ओतायचा हे कळतं.

८८ इंच व्हीलबेसची सिरीज लँड रोव्हर, म्हणजे डिफेंडरच्या आधीची जुनी गाडी, घ्या. रिकामी गाडी १३०० किलोच्या आसपास भरते. ती २० टक्के उतारावर उभी आहे, म्हणजे पाच मीटर आडवं गेलं की एक मीटर खाली. प्रवासी मोटारींसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो ब्रेकविषयक नियम आहे, १३-एच, तोही हँडब्रेककडून याच उताराची अपेक्षा ठेवतो, तीही भरलेल्या गाडीनिशी. अशा उतारावर आपली रिकामी गाडी सुमारे २५० किलोच्या ओढीने खाली जायला बघते. चाकाची त्रिज्या ३६ सेंटीमीटर धरली तर ती रोखायला चाकांवर एकूण ९०० न्यूटन-मीटर पीळ लागतो. पण मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ४.७ आहे, म्हणजे चाकाचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे ४.७ फेरे होतात. त्यामुळे शाफ्ट धरणाऱ्याला ९०० ला ४.७ ने भागून उरेल तेवढंच, म्हणजे १९० न्यूटन-मीटर धरायचं असतं. एका माणसाच्या हाताने, एका लहान ड्रमवर, एवढी जड गाडी थांबून राहते ती या भागाकारामुळे. चिखलात बुडणाऱ्या चाकांपासून ब्रेक लांब राहतो हा आणखी एक फायदा. आणि ट्रान्स्फर बॉक्स न्यूट्रलमध्ये टाकून इंजिनावर पंप किंवा विंच चालवायची असेल तेव्हा गिअर गाडीला धरूच शकत नाही, कारण इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. त्या वेळी गाडी जागेवर ठेवणारा हा एकटाच.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र निर्दय आहे. जो गुणाकार थांबलेल्या गाडीला मदत करतो, तोच चालत्या गाडीत या ब्रेकच्या मुळावर उठतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना हा ड्रम मिनिटाला सुमारे २००० फेरे घेत असतो. शू जरासा जरी घासत राहिला तरी ड्रम काही मिनिटांत हात लावता येणार नाही इतका तापतो. आणि चालत्या गाडीत कुणी हा ब्रेक खेचला तर सगळा झटका शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट, दोन चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शिअल आणि तिथून चाकांकडे जाणारे हाफ शाफ्ट यांच्यावर जातो. म्हणून हा ब्रेक गाडी थांबवण्यासाठी नाही, थांबलेली गाडी धरून ठेवण्यासाठी आहे, हे डोक्यात पक्कं बसवूनच पुढे जायचं.

माझ्याकडची सिरीज गाडी आली तेव्हा तिचा हँडब्रेक शेवटच्या दात्यापर्यंत वर यायचा आणि तरी सपाट जमिनीवरसुद्धा दोन माणसांनी ढकलली की गाडी सरकायची. बहुतेक जुन्या गाड्या याच अवस्थेत हाती येतात. खाली आडवं होऊन पाहिलं की बिघाडाचं निदान निम्मं झालेलंच असतं. ड्रमच्या मागच्या पत्र्यावर, ज्याला बॅकप्लेट म्हणतात, तळाशी काळा ओला चिखल धरलेला असतो. तो बोटावर घेऊन हुंगायचा. गिअर ऑइलला गंधकाचा एक उग्र वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. तो वास आला की समजायचं, बिघाड ब्रेकचा नाही, ब्रेकच्या शेजाऱ्याचा आहे.

प्रॉपेलर शाफ्टचे चार नट काढायचे, शाफ्ट एका बाजूला बांधून ठेवायचा, शू ड्रमजवळ आणणारा ॲडजस्टर सैल करायचा, ड्रमचे स्क्रू सोडवायचे आणि लाकडी हातोडीने गोल फिरत हलके ठोके देत ड्रम मोकळा करायचा. त्याआधी चारही बाजूंनी चाकांना ठोकळे हवेतच, कारण शाफ्ट सुटला की गाडीला धरणारं काहीही उरत नाही. हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतात आणि त्यांच्यावर भेदक तेल टाकून रात्रभर वाट बघणं हाच शहाणपणा.

ड्रम निघाल्यावर आतल्या धुळीला फुंकर मारायची नाही. हवेचा पाइप तर अजिबात लावायचा नाही. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घर्षणाच्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचा. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडलं, तेव्हा त्याआधी बसवलेल्या लायनरमध्ये तो आहे असं धरूनच वागावं. पाण्याची बारीक फवारणी, ओलं फडकं, चांगल्या दर्जाचा गाळणीचा मास्क, आणि पुसलेलं फडकं पिशवीत बंद. वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये काम केलेल्या किती माणसांच्या छातीत ही धूळ जाऊन बसली असेल, हा विचार ड्रम उघडताना दर वेळी येतो. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला माहीत आहे, तर दहा मिनिटं जास्त लागली तरी लागू द्यावीत.

माझ्या ड्रममधले शू काळे आणि चकचकीत होते. लायनर भरपूर जाड होता, रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजायला अजून बराच बाकी. पाहणाऱ्याला वाटावं, यात वाईट काय आहे? नखाने ओरखडलं तर नखाखाली काळा चिकट थर यायचा. मदतीला एक निवृत्त मिस्त्रीकाका होते. त्यांना विचारलं,

"काका, पॉलिश पेपर मारून पेट्रोलने धुतलं तर चालेल का? लायनर तर जाड आहे."

ते हसले नाहीत. शू हातात घेऊन उन्हाच्या बाजूला धरला.

"अरे, तू वरून धुशील. आत मुरलंय त्याचं काय? आज कोरडं दिसेल, तापलं की परत वर येईल. आणि हे बघ, लायनरचं नंतर. आधी तेल कुठून येतंय ते बंद कर. नाहीतर नवं लायनरसुद्धा याच्यासारखंच होईल."

या दुरुस्तीतला खरा गाभा त्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. ट्रान्स्फर बॉक्सच्या मागच्या तोंडाशी, ड्रमच्या लगेच पुढे, एक ऑइल सील बसलेलं असतं. बॉक्समधलं तेल आणि ब्रेकचे शू यांच्यामध्ये एवढीच रबराची कड. ती कड कडक झाली, तिला चीर गेली की तेल फ्लँजवरून, म्हणजे ड्रम आणि शाफ्ट ज्या चकतीला जोडलेले असतात तिच्यावरून, ड्रममध्ये उतरतं. ब्रेक घसरायला लागतो. मालक किंवा मिस्त्री काय करतो? दांडा फार वर येतोय म्हणून दांड्याची ओढ ब्रेकपर्यंत नेणाऱ्या रॉडचा नट आवळतो. आवळल्यावर दांडा खाली घट्ट लागतो, सगळ्यांना बरं वाटतं. पण आता शू ड्रमपासून पूर्ण मोकळे होत नाहीत. चालत्या गाडीत ते घासतात, ड्रम तापतो, ती उष्णता फ्लँजमधून सरळ सीलच्या कडेला पोचते आणि रबर आणखी कडक होतं. आणखी तेल येतं. पुन्हा ब्रेक घसरतो, पुन्हा नट आवळला जातो. माझ्या गाडीच्या रॉडवर आटे संपेपर्यंत नट पुढे आलेला होता. तो नट म्हणजे त्या गाडीच्या कित्येक वर्षांचा जबाब होता. जो तो समोर दिसणारी खूण दुरुस्त करत गेला आणि मूळ दुखणं वाढत राहिलं.

म्हणून सीलपासून सुरुवात. इथेही नुसतं नवं सील ठोकून बसवलं की काम झालं असं नसतं. दोन गोष्टी आधी पाहायच्या. पहिली, ट्रान्स्फर बॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची वाट. गाडी चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती हवा सगळ्यात कमकुवत जागेतून वाट काढते आणि ती जागा म्हणजे सीलची कड. ज्यांनी वर्षाला एक सील बदललं आणि तरी गळती थांबली नाही असं सांगितलं, त्यांना मी आधी ब्रीदरबद्दल विचारतो. दुसरी गोष्ट फ्लँजची. सीलची कड फ्लँजच्या ज्या भागावर टेकते तिथे इतक्या वर्षांच्या घर्षणाने एक गोल खाच पडते. डोळ्यांना ती नुसती चमकदार रेघ दिसते. त्यावरून नख आडवं फिरवायचं. नख अडकलं तर नवं सीलसुद्धा त्या खाचेत टेकून गळणार. त्यावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवता येते, किंवा सील थोडं पुढेमागे बसवून कड कोऱ्या जागी आणता येते, किंवा फ्लँजच बदलायचा. मी स्लीव्ह चढवली. कागदासारखा पातळ तो नळीचा तुकडा सरळ उतरवायला श्वास रोखून ठेवावा लागतो. तिरका गेला की संपला.

आता शू. जुन्या शूंचे लोखंडी सांगाडे चांगले असतील तर ते टाकून देऊ नयेत, त्यांवर नवे लायनर चढवावेत. लायनर बसवायच्या दोन पद्धती, चिकटवून किंवा रिव्हेट मारून. मला जुन्या गाडीत रिव्हेट आवडतात. पुन्हा कधी बदलायचे झाले तर छिन्नी आणि ड्रिलवर काम होतं, आणि लायनर सुटलाच तर एकदम सगळा सुटत नाही. रिव्हेट मारायला मधून सुरुवात करायची आणि दोन्ही टोकांकडे सरकत जायचं. टोकांकडून मधे आलं तर लायनरच्या पोटात फुगवटा राहतो आणि तिथे शू आणि लायनर यांच्यात फट पडते. प्रत्येक रिव्हेटनंतर फट मोजणाऱ्या फीलर गेजचं सर्वांत पातळ पान कडेने सरकवून पाहायचं. पान शिरलं नाही पाहिजे.

यानंतरची पायरी लोक सर्रास गाळतात. नवा लायनर चढवलेल्या शूची गोलाई आणि ड्रमची गोलाई तंतोतंत जुळत नाही. पायाच्या ब्रेकमध्ये याची चिंता नसते, काहीशे किलोमीटरमध्ये दोघं एकमेकांना घासून बसतात. पण हा ब्रेक थांबलेल्या गाडीतच लागतो. तो घासतच नाही, मग बसणार कसा? शू फक्त मध्यावर किंवा फक्त टोकांवर टेकत असेल तर वर्षानुवर्षं तेवढ्याच पट्टीवर टेकत राहील आणि दांडा कितीही खेचला तरी पकड अर्धीच मिळेल. म्हणून ड्रमच्या आत खडू फासायचा, शू हाताने आत दाबून थोडा फिरवायचा आणि लायनरवर खडू कुठे लागला ते पाहायचं. जिथे लागला तो उंचवटा. तो हलक्या हाताने कमी करायचा, लायनर ओलसर ठेवून आणि मास्क लावून. पुन्हा खडू, पुन्हा शू. लायनरच्या बहुतेक लांबीवर पांढरा रंग उमटेपर्यंत हे चालू ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे हे खरं, पण या ब्रेकची निम्मी ताकद इथेच मिळते, अशी माझी खात्री झाली आहे.

ड्रमबद्दल थोडक्यात. खोल चरे असतील तरच लेथवर लावायचा. ड्रम जितका पातळ तितका लवकर तापतो, लवकर वाकडा होतो. किरकोळ रेघा राहिल्या तरी चालतात.

शूंच्या एका टोकाला एक्स्पांडर असतो, दुसऱ्या टोकाला ॲडजस्टर. एक्स्पांडरमध्ये पाचर असते. रॉडने ती ओढली की पाचरेच्या उतरत्या बाजू दोन प्लंजरांना बाहेर ढकलतात आणि शू फाकतात. या प्लंजरांवर गंज चढलेला असतो, ग्रीस खडूसारखं सुकलेलं असतं. सगळं सुटं करून, साफ करून, उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावायचं. जास्त लावलं तर तेच वितळून लायनरवर जाईल. ॲडजस्टरच्या शंकूवर सपाट बाजू असतात, त्यामुळे फिरवताना तो टक्-टक् करत एकेक पायरी पुढे जातो. जुन्या गाडीत ही टक्-टक् जाणवतच नाही, कारण तो जाम झालेला असतो आणि कुणीतरी पान्याने त्याचं चौकोनी डोकं गोल करून ठेवलेलं असतं. तो मोकळा होऊन पहिल्यांदा बोटांना टक् जाणवली तेव्हा मला इंजिन सुरू झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

एवढं करूनही दांडा निम्म्याहून वरच आला. ब्रेक उत्तम, पण हाताचा जोर तिथवर पोचतच नव्हता.

हातापासून शूपर्यंतचा रस्ता लहान नाही. दांडा, त्याखाली रॉड, मग बेलक्रँक, म्हणजे खाली-वर जाणारी ओढ आडवी वळवणारा कोनातला तुकडा, मग एक्स्पांडरचा रॉड. प्रत्येक सांध्यात एक क्लेव्हिस पिन आणि तिचं भोक. पिनच्या एकाच बाजूवर वर्षानुवर्षं ओढ पडते, त्यामुळे भोक लांबट होतं आणि पिनच्या अंगाला कंबर पडते. प्रत्येक ठिकाणची ढिलाई एवढीशी. पण दांड्याची लांबी हाताचा जोर वाढवण्यासाठी असते, आणि ती जेवढ्या पटीने जोर वाढवते तेवढ्याच पटीने खालची ढिलाई हातापाशी मोठी होऊन येते. एक्स्पांडरजवळचा अर्ध्या मिलिमीटरचा प्ले दांड्याच्या मुठीपाशी सेंटीमीटरच्या भाषेत बोलतो. एखादा सांधा पाहून "एवढ्याने काय होतंय" असं म्हणण्याची इथे सोय नाही, कारण प्रत्येक सांधा तेच म्हणत असतो.

भोकं वेल्डिंगने भरून पुन्हा ड्रिल करता येतात. मी भोकं थोडी मोठी करून आत बुश बसवले आणि पिना सगळ्या नव्या घेतल्या. बेलक्रँकचा मधला पिव्हट तर कित्येक वर्षांत ग्रीसच्या थेंबालाही भेटला नव्हता. तो उकलायला उष्णता, तेल आणि धीर, तिन्ही लागले. शेवटी दांड्याच्या बुडाशी असलेली दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकणारा खटका. या जोडीकडे फार बारकाईने पाहावं. खटक्याचं टोक गोल झालं असेल तर दांडा वर राहतो खरा, पण एखाद्या धक्क्याने, शेजारून जड वाहन गेल्याच्या थरथरीनेही, सुटून खाली येऊ शकतो. कानशीने टोक पुन्हा चौकोनी करता येतं, पण पोलाद वरवरच कडक केलेलं असेल तर कानस फिरवल्यावर आतलं मऊ अंग उघडं पडतं. खटका बदलणं चांगलं. त्याची स्प्रिंगही बदलायची, ती चांगली दिसत असली तरीही.

काही जण हे सगळं टाळून डिस्क बसवतात. या गाड्यांसाठी तयार संच मिळतात. डिस्कवर पाणी आणि चिखल टिकत नाही, तेल आलं तर दिसतं, जुळवणीही सोपी. रोज कामाला जाणाऱ्या, पाण्यात उतरणाऱ्या गाडीत कुणी तो बसवला तर मी त्याला नाव ठेवणार नाही. मी ड्रम ठेवला, कारण ज्यांनी ही गाडी आखली त्यांचा हिशेब बरोबर होता, बिघडला होता तो सांभाळ. आणि ड्रममध्ये एक शू फिरण्याच्या दिशेने आपोआप आत ओढला जातो, गाडी पुढे सरकू पाहो की मागे, दोघांपैकी एक शू ही मदत करतोच. हाताच्या जोराला मिळणारी ही साथ मला सोडवत नाही.

जुळवणीचा क्रम एकच आणि तो उलटा करायचा नाही. आधी दांडा पूर्ण खाली, रॉड सैल. मग ॲडजस्टर फिरवत शू ड्रमला घट्ट टेकवायचे, एकदोनदा दांडा जोरात ओढून सोडायचा म्हणजे शू आपापल्या जागी बसतात, पुन्हा टेकवायचे आणि मग ड्रम मोकळा फिरेल इतपत एकदोन टक् मागे यायचं. रॉडला हात सगळ्यात शेवटी, तोही फक्त उरलेली ढिलाई काढण्यापुरता. रॉडने शूंची झीज भरून काढायला गेलं की वर सांगितलेलं चक्र पुन्हा सुरू.

चाचणीसाठी उतारावर गाडी लावताना चाकांच्या खालच्या बाजूला वीतभर अंतर सोडून ठोकळे ठेवावेत. ब्रेक सुटला तर गाडी तेवढीच सरकेल. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, पायाचा ब्रेक हळूहळू सोडायचा. पाय सुटला की गाडी दोनचार बोटं सरकते आणि मग थांबते. पहिल्यांदा छातीत धस्स होतं, पण ते सरकणं ब्रेकचं नसतं. शाफ्टच्या जॉइंटमधला, डिफरन्शिअलच्या दात्यांमधला, हाफ शाफ्टच्या खाचांमधला सगळा प्ले आवळला जातो, तेवढी ती हालचाल. या गाड्यांचा स्वभावच आहे तो. त्यानंतर टायर आणि जमीन यांवर मिळून खडूची एक रेघ ओढायची आणि तासाभराने पाहायची. रेघ जुळलेली असेल तर गाडी उलट्या तोंडाने लावून पुन्हा.

एक गोष्ट मात्र कितीही चांगल्या ब्रेकला जमत नाही, आणि ती प्रत्येकाला सांगितलीच पाहिजे. हा ब्रेक शाफ्ट धरतो, चाक धरत नाही. शाफ्ट आणि दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल असतो. शाफ्ट घट्ट धरलेला असतानाही एक मागचं चाक पुढे आणि दुसरं मागे, असं एकमेकांविरुद्ध फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असेपर्यंत जमीन त्यांना तसं करू देत नाही. पण पंक्चर काढायला एक मागचं चाक जॅकने उचललं की ती अट मोडते. उचललेलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं चाक सुलटं, आणि गाडी हँडब्रेक लावलेला असूनही जॅकवरून खाली येते. फोर-व्हील ड्राइव्ह लावला तर पुढचा ॲक्सलही त्याच शाफ्टशी बांधला जातो आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवर असतील तर धोका बराच कमी होतो. पुढच्या चाकांना फ्रीव्हील हब, म्हणजे चाक त्याच्या शाफ्टपासून सोडवणारे हब, असतील तर ते आधी लॉक केलेले हवेत. तरीही ठोकळ्यांना पर्याय नाही. साध्या मोटारीची सवय असलेल्या माणसाच्या हातात अशी गाडी देताना, किल्लीच्या आधी हे सांगावं.

नीट बसवलेला लायनर या ब्रेकमध्ये झिजत नाही म्हटलं तरी चालेल. थांबलेल्या ड्रमवर तो टेकतो आणि सुटतो. त्याला मारणाऱ्या दोनच गोष्टी, तेल आणि घासत राहणं. त्यामुळे देखभालही तेवढीच उरते. लांबच्या फेरीनंतर ड्रमजवळ हात नेऊन ऊब पाहायची, शेजारच्या ट्रान्स्फर बॉक्सपेक्षा तो जास्त तापलेला नको. ग्रीस मारायला खाली गेलो की बॅकप्लेटच्या तळावरून बोट फिरवायचं आणि हुंगायचं. ब्रीदरवरचा चिखल काढायचा. बोट कोरडं आलं आणि दांडा जिथे लागायचा तिथेच लागतोय, तर ॲडजस्टरला हात लावायचा नाही.